क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले : अक्षरापासून आधारापर्यंत

आपल्या समाजात विद्येला जो मान मिळाला आहे, तो एका दिवसात मिळालेला नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले यांना आपले तीन गुरू मानले. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९४६ साली महात्मा फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला. या तिसऱ्या गुरूच्या घरातला दिवा ज्या माऊलीने पन्नास वर्षे तेवत ठेवला, जोतीरावांच्या पश्चातही विझू दिला नाही, त्या सावित्रीबाईंचे चरित्र निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत असणे सर्वार्थाने उचित आहे. बहुतेक ठिकाणी त्यांचा परिचय पहिली शिक्षिका एवढ्यावरच थांबतो. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. त्या शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होत्या, निराधार स्त्रियांच्या आधारगृहाच्या संचालिका होत्या, दुष्काळातील अन्नछत्रांच्या व्यवस्थापिका होत्या आणि अखेरीस प्लेगच्या रुग्णांच्या परिचारिका झाल्या. मुलीच्या हाती पाटी देणे हा त्यांच्या कार्याचा आरंभ होता. त्या मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असा समाज घडवणे, हे त्याचे ध्येय होते.

नीरेकाठची लेक

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील, आजच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. लोणी भापकरच्या परिसरातील वाचकाला हे गाव परके वाटणार नाही. नीरा नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे नायगाव. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, पण पुढे त्यांच्या पूर्वजांनी वस्ती केली ती पुरंदरातील खानवडीला, म्हणजे पुन्हा आपल्याच शेजारी. हीच कोरडवाहू जमीन, हीच बाजरी, पावसाची हीच वाट पाहणे आणि जेजुरीच्या यात्रेचा हाच रस्ता. महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण देणारे हे दांपत्य आपल्याच मातीतले होते, याची जाणीव आपल्या मुलींना अवश्य असावी.

१८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, सावित्रीबाईंचा विवाह तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाला. त्या काळात हे वय रूढीला धरूनच होते. सासरी येताना त्या निरक्षर होत्या. जोतीरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने आईवेगळ्या जोतीरावांचे संगोपन केले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी काम करताना सगुणाबाईंनी थोडेफार इंग्रजी कानी पाडून घेतले होते. जोतीरावांनी या दोघींना अक्षरे शिकवली. पुढे जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंच्या अभ्यासाला हातभार लावला. अहमदनगर येथे मिस फॅरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे केवळ पतीच्या आज्ञेने वर्गात उभी राहिलेली ही स्त्री नव्हती. शिकवण्याचे शास्त्र शिकून मगच त्यांनी हाती खडू घेतला. आपल्या कामाची पूर्वतयारी हा त्यांच्या स्वभावाचा पहिला विशेष येथेच दिसतो.

भिडे वाड्यातील पहिले पाऊल

१८४८ साली पुण्यातील बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्यापूर्वीही होत्या. परंतु एतद्देशीय माणसांनी, धर्मांतराचा कोणताही हेतू न ठेवता, सर्व जातींच्या मुलींसाठी स्वतःच्या बळावर उघडलेली शाळा ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पहिल्या दिवसांत मुली होत्या अवघ्या सहा, पण त्या सहांत ब्राह्मण, मराठा आणि धनगर अशा निरनिराळ्या घरांतल्या मुली एकत्र बसल्या होत्या. त्याच वर्षी महारवाड्यातही शाळा उघडली आणि तेथे सगुणाबाईंनी शिकवण्याचे काम पाहिले.

शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून शिकवायला उभ्या राहत. या प्रसंगातील धैर्य आपण नेहमी वाखाणतो. त्यामागील व्यवस्थापन मात्र आपल्या ध्यानात येत नाही. संकट उद्या पुन्हा येणार हे ठाऊक असूनही ज्या स्त्रीने शाळा बंद ठेवण्याचा विचार केला नाही, तिने त्या संकटावर रोजचा उपाय शोधून ठेवला होता. संस्था टिकतात त्या अशाच माणसांच्या बळावर.

विरोध घरापर्यंत पोहोचला. समाजाच्या दडपणाखाली सासरे गोविंदराव यांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घर सोडण्यास सांगितले. त्या प्रसंगी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. याच घरातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. सावित्रीबाई आजारपणामुळे १८५६ साली माहेरी नायगावी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या अनुपस्थितीत फातिमांवर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे. सख्ख्या घराने दार लावले तेव्हा दुसऱ्या धर्माच्या घराने ते उघडले आणि त्या घरातली लेक शाळेची आधारस्तंभ झाली, हे सत्य आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

शाळांचा विस्तार

घर सुटल्यावर पहिली शाळा काही काळ बंद पडली. मात्र काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या, थोड्याच काळात त्यांची संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. पुण्यातील मुलींच्या या शाळांची पटसंख्या सरकारी शाळांतील मुलांपेक्षाही अधिक असल्याची नोंद तत्कालीन वृत्तपत्राने केली होती.

या यशाचे कारण केवळ उत्साहात नव्हते. गरीब घरातील मूल शाळेत आले की त्या घरातली त्या दिवसाची कमाई बुडते, हे फुले दांपत्याला पुरते ठाऊक होते. म्हणून विद्यार्थ्यांना काही मदत द्यावी, पालकांना भेटून समजावावे, गळती का होते याचा शोध घ्यावा, अशा उपायांवर त्यांचा भर राहिला. शाळेला उद्योगशिक्षणाची जोड असावी आणि शाळा सुटल्यावर मुलाला किंवा मुलीला हातच्या कसबावर स्वतंत्रपणे जगता यावे, हा विचारही त्यांनी मांडला. आज आपण ज्याला कौशल्यविकास म्हणतो, त्याचे बीज या विचारात आहे. केवळ वाचता आले म्हणजे मनुष्य स्वतंत्र होत नाही. वाचता येते आणि चार पैसेही मिळवता येतात, तेव्हा त्याच्या शब्दाला घरात आणि गावात किंमत येते.

या शाळांचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे मुक्ता साळवे. मातंग समाजातील ही चौदा वर्षांची मुलगी अवघे तीन वर्षे शिकली होती. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट विचारला. अस्पृश्य स्त्रियांना उघड्यावर बाळंत व्हावे लागते तेव्हा त्यांचे काय हाल होतात, हेही तिने निर्भयपणे लिहिले. तीन वर्षांच्या शिक्षणाने एका मुलीला हा आवाज दिला. सावित्रीबाईंच्या शाळेची गुणवत्ता मोजायची झाली तर याहून वेगळे प्रमाणपत्र लागत नाही.

सावित्रीबाई स्वतःही लिहीत होत्या. ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. शिकण्याची हाक, श्रमाची प्रतिष्ठा आणि अज्ञानावरचा प्रहार हे त्यातील कवितांचे प्रमुख विषय आहेत.

आधारगृह आणि एक धाडसी निर्णय

त्या काळी उच्चवर्णीय घरांत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव होता. लहान वयात विधवा झालेल्या मुलींचे शोषण बहुधा घरातल्याच पुरुषांकडून होई आणि त्याचे परिणाम मात्र त्या एकट्या मुलीला भोगावे लागत. जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या विधवेने अशाच असहायतेत आपल्या नवजात मुलाचा जीव घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने तिला फसवले, तो पुरुष मात्र मोकळा राहिला. या घटनेने फुले दांपत्य हादरून गेले. १८६३ साली त्यांनी आपल्या गंज पेठेतील घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. संकटात सापडलेल्या विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा येथेच ठेवावे, असे फलक शहरात लावण्यात आले.

फलक लावणे सोपे होते. पण येणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण करणे, तिची जात, तिचे नाव आणि तिची अब्रू जपणे, मागे राहिलेल्या मुलांना वाढवणे, ही सगळी जबाबदारी सावित्रीबाईंनी उचलली. जोतीरावांनी १८८४ साली लिहिलेल्या मजकुरावरून तोवर पस्तीस विधवा या गृहात येऊन गेल्याचे दिसते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. या सर्व कामांना पैसा लागे. जोतीरावांनी शेती, भाजीपाल्याचा व्यापार, धातूच्या साच्यांची एजन्सी आणि सरकारी बांधकामांची कंत्राटे घेऊन तो उभा केला. उद्योगातून मिळालेला पैसा समाजकार्याला लावण्याचा हा संसार होता आणि त्याच्या खर्चाचा मेळ घालणारी गृहिणी सावित्रीबाई होत्या. १८६८ साली या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या सुमारे साठ वर्षे आधीची ही घटना आहे.

त्याच वर्षी माहेरी असताना घडलेला एक प्रसंग त्यांच्या पत्रातून आपल्याला कळतो. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जुळले होते आणि शारजा गरोदर होती. गावकरी त्या दोघांना मारत गावातून फिरवत होते. त्यांचा जीवच घेण्याचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला थोपवले आणि त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. जातीच्या नावाखाली प्रेमाचा बळी घेणारी मानसिकता आजही आपल्या आसपास अधूनमधून डोके वर काढते. म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वी एकट्या स्त्रीने जमावापुढे उभे राहून वाचवलेले ते दोन जीव आपण विसरता कामा नयेत.

दुष्काळातील अन्नछत्रे

१८७३ च्या २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुरोहिताशिवाय आणि हुंड्याशिवाय विवाह लावण्याची प्रथा या समाजाने सुरू केली. पहिल्या सत्यशोधक विवाहांत सावित्रीबाईंचा पुढाकार होता.

याच काळात आपल्या भागातील शेतकरी सावकारी कर्जाने पिचला होता. मे १८७५ मध्ये आपल्या शेजारच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा तो उठाव येथूनच पेटला. लगेच पुढच्या वर्षी १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. पाऊस नाही, चारा नाही आणि गावेच्या गावे पोटासाठी बाहेर पडलेली, अशी परिस्थिती होती. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला जाऊन राहिल्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी गावांची अवस्था कळवली आहे. सावकारांच्या तक्रारीवरून कार्यकर्त्यांना अटक झाली, तेव्हा त्या स्वतः कलेक्टरांशी बोलल्या आणि त्यांनी आपल्या माणसांना सोडवले. एका ग्रामीण स्त्रीने त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यापुढे उभे राहून आपल्या कार्यकर्त्यांची बाजू मांडली, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. दुष्काळात आईबापांपासून तुटलेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडी येथे बालाश्रमही चालवण्यात आला.

फुल्यांच्या घरीच बाहेरगावचे विद्यार्थी राहत, जेवत आणि शिकत. सावित्रीबाई त्यांची आई होत. निवासी शिक्षणाची आपल्याकडील परंपरा अशा घरांतून जन्मली. पुढे सत्यशोधक विचारांचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. साताऱ्यातील वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडचा घास तुटू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. वसतिगृहातील भाकरीमागे नेहमी कोणातरी स्त्रीचे हात असतात, हे सावित्रीबाईंनी आपल्याला शिकवले.

जोतीरावांच्या पश्चात

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उभा केला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे धरले आणि पतीच्या देहाला अग्नी दिला. स्त्रीने असे करणे तेव्हा अघटित होते. दुःखाच्या त्या क्षणीही त्यांनी आपला विचार सोडला नाही. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. आपल्या गावाहून सासवडचा रस्ता फार लांबचा नाही. साठी ओलांडलेली एक विधवा स्त्री तेथे परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसली होती. त्या काळी विधवेला शुभकार्यात उंबरठ्याच्या आतही स्थान नसे.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक रुग्णांना टाकून पळत होते. सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. स्वतः वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्या रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातला एक मुलगा प्लेगने ग्रासल्याचे समजताच त्या तेथे गेल्या आणि त्याला आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्याची सावलीही लोक टाळत, त्या वस्तीतला मुलगा त्यांनी पाठीशी बांधला. त्याच रोगाची बाधा त्यांना झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. करुणा हा शब्द आपण बुद्धवंदनेत रोज उच्चारतो. त्या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगायचा असेल, तर ही एक घटना पुरेशी आहे.

वारसा आणि जबाबदारी

तथागतांनी महाप्रजापती गौतमी आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांना संघात प्रवेश दिला आणि भिक्षुणींनी आपले अनुभव थेरीगाथेत मांडले. स्त्री ज्ञानाला पात्र आहे, हे आपल्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले. मधल्या काळात तो दरवाजा लावला गेला. तो पुन्हा ढकलून उघडणाऱ्यांत सावित्रीबाई अग्रभागी होत्या. त्यांच्यानंतर नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी हमाली करता करता शिकून अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. बाबासाहेबांनी महाडला आणि १९४२ च्या नागपूर महिला परिषदेत स्त्रियांना मुलामुलींच्या शिक्षणाचा मंत्र दिला. आज पुणे विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाने ओळखले जाते आणि ३ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळला जातो.

परंतु केवळ जयंती साजरी करून हे ऋण फिटणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाला होता. म्हणजे दर पाच मुलींमागे एकीपेक्षा जास्त. यामागे आर्थिक ओढाताण असते, उसाच्या फडावर किंवा कामासाठी परगावी जाणाऱ्या आईबापांना वाटणारी वयात आलेल्या मुलीची धास्ती असते आणि लोक काय म्हणतील ही भीतीही असते. ही कारणे खोटी नाहीत. म्हणूनच निवासी विद्यालयाचे मोल मोठे आहे. आईबाप फडावर असताना मुलगी सुरक्षित राहावी, शिकावी आणि दहावीनंतर थांबू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

शिक्षणासोबत मिळकतीचा विचारही आपण करायला हवा. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने गावोगावी बचत गट बांधले आहेत. आपल्या वाडीवस्तीवरील आया-मावश्यांनी शिलाई, शेळीपालन, लोणची-पापड, भाजीपाला अशा व्यवसायांत आपली चिकाटी सिद्ध केली आहे. ज्या गटाचा हिशेब शाळा शिकलेली मुलगी लिहिते, त्या गटाला कोणी सहसा फसवू शकत नाही. सुप्यात जळालेले सावकारी कागद निरक्षर शेतकऱ्यांच्या अंगठ्याखाली लिहिलेले होते. स्वतःचा हिशेब स्वतः वाचता येणे हेच त्यावरचे कायमचे औषध आहे, हे फुले दांपत्याने ओळखले होते.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एका मुलीच्या पुढील शिक्षणाची जबाबदारी घ्यावी. पालकांनी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू करण्यापूर्वी तिच्या पुढच्या प्रवेशाची चौकशी करावी. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी शाळकरी मुलींना सुटीत आपला व्यवहार जवळून पाहू द्यावा. समाजातील तरुणांनी हुंडा न घेता विवाह करण्याचा सत्यशोधकी आणि बौद्ध शिरस्ता पाळावा. यातले कोणतेही काम मोठ्या भांडवलाचे नाही. सावित्रीबाईंच्या हाती आरंभी होत्या सहा मुली आणि पिशवीत एक जादा लुगडे. आपल्याजवळ आज इमारत आहे, संविधान आहे, कायदा आहे आणि त्यांचे चरित्र आहे. त्या क्रांतिज्योतीस विनम्र अभिवादन.